‘तलाकनंतर पोटगी मिळते का?’ एका प्रश्नातून समजून घेऊ देशाची कायदाव्यवस्था

कायद्याच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतला की मोहल्ल्यात आपण लगेच ‘वकीलसाहेब’ होतो. कुणी भाडेकराराचा कागद पुढे करतो, कुणी बहिणीच्या तलाकबद्दल विचारतं. आम्हा विद्यार्थ्यांना हमखास विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, ‘तलाकनंतर पोटगी मिळते का?’ एखादं कलम पाठ असून याचं उत्तर देता येत नाही. कायदा कोण करतं, त्याचा अर्थ कोण लावतं आणि आज नेमकं काय लागू आहे, हे तिन्ही पाहावं लागतं.

कायदा कुठून येतो?

सर्वांत वर संविधान. त्यातल्या अनुच्छेद १३ नुसार मूलभूत हक्कांच्या विरोधात जाणारा कायदा टिकत नाही. त्याखाली संसद आणि राज्यांच्या विधिमंडळांनी केलेले कायदे येतात. विवाह, तलाक, वारसा हे विषय समवर्ती सूचीत आहेत, म्हणजे त्यावर केंद्र आणि राज्य दोघंही कायदा करू शकतात. मुस्लिमांच्या निकाह, तलाक, मेहेर अशा बाबींना १९३७ च्या शरियत कायद्यानुसार वैयक्तिक कायदा लागू होतो.

अर्थ कोण लावतं?

इथे न्यायालयं येतात. इंदूरच्या शाहबानो यांच्या खटल्यात १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५ सर्वधर्मीयांना लागू आहे, त्यामुळे तलाकशुदा मुस्लिम महिलेलाही पोटगी मागता येते. त्यावर मोठा वाद झाला आणि संसदेने १९८६ मध्ये वेगळा कायदा केला. ‘आता पोटगी फक्त इद्दतपुरती’ असा समज तेव्हा पसरला. तो अजूनही ऐकू येतो.

पण गोष्ट तिथे थांबली नाही. २००१ मध्ये दानियल लतिफी खटल्यात पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने १९८६ चा कायदा वैध ठरवला, मात्र त्याचा अर्थ स्पष्ट केला. पतीने तरतूद इद्दतच्या काळात करायची, पण ती पत्नीच्या पुढच्या आयुष्याचा विचार करून. पुढे १० जुलै २०२४ रोजी मोहम्मद अब्दुल समद खटल्यात न्यायालयाने सांगितलं, की १९८६ च्या कायद्यामुळे कलम १२५ चा मार्ग बंद होत नाही.

अनुच्छेद १४१ नुसार सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेला कायदा देशातल्या सगळ्या न्यायालयांवर बंधनकारक असतो. म्हणून नुसता १९८६ चा कायदा वाचून थांबलो, तर उत्तर चुकतं.

आज काय लागू आहे?

१ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घेतली. जुनं कलम १२५ आता कलम १४४ झालं आहे. बाजारात जुनी पुस्तकं स्वस्तात मिळतात, पण त्यातले कलमांचे आकडे तपासूनच वापरा.

तर उत्तर असं: होय, मागता येते. महिला स्वतःचा खर्च भागवू शकत नसेल आणि पतीची ऐपत असेल, तर कलम १४४ खाली अर्ज करता येतो. रक्कम किती, हे न्यायालय ठरवतं.

शिकत असताना आपण एवढी माहिती देऊ शकतो, कोर्टात उभं राहू शकत नाही. वकिलाच्या फीची अडचण असेल, तर विचारणाऱ्या भगिनीला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा पत्ता द्या. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार तिथे महिलांना मोफत वकील मिळू शकतो आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.