कार्बनाचा लोहचुंबक होईल काय?

शिसपेन्सिलीच्या टोकाजवळ लोहचुंबक नेला, तर तें टोंक त्याकडे ओढलें जात नाहीं. उलट, नाजूक उपकरणानें पाहिल्यास पेन्सिलींतील ग्रॅफाइट चुंबकापासून किंचित् दूर सरतें असेंच आढळतें. अशा कार्बनाला चुंबकत्व देतां येईल काय, ह्या प्रश्नाचा आज विचार करूं.

ग्रॅफाइट म्हणजे कार्बनाच्या पापुद्र्यांची चळत. त्यांतील एका अणूइतक्या जाडीचा एकच पापुद्रा २००४ मध्यें मँचेस्टर येथें गाइम व नोव्होसेलोव्ह ह्यांनीं चिकटपट्टीच्या साह्यानें सुटा केला. त्यालाच ग्राफीन म्हणतात. ह्या कार्याबद्दल उभयतांना २०१० चें नोबेल पारितोषिक मिळालें. ग्राफीनची रचना मधाच्या पोळ्यासारखी षट्कोनी असते. प्रत्येक अणु आपल्या चार बाह्य इलेक्ट्रॉनांपैकीं तीन शेजाऱ्यांशीं बंध जोडण्यांत खर्च करतो. चौथा मोकळा राहतो. प्रत्येक इलेक्ट्रॉन हा एक चिमुकला चुंबकच. परंतु हे मोकळे इलेक्ट्रॉन परस्परविरुद्ध दिशांच्या जोड्या जमवितात, आणि बाकी शून्य उरते.

तेव्हां चुंबकत्व हवें असेल, तर जोडी मोडली पाहिजे. त्यासाठीं परक्या अणूंची हेतुपुरस्सर भेसळ करतात. तिला डोपिंग म्हणतात. हायड्रोजनचा एक अणु पापुद्र्यावर बसला, कीं तो खालच्या कार्बनाचा मोकळा इलेक्ट्रॉन स्वतःशीं बांधून घेतो, आणि एक इलेक्ट्रॉन एकाकी उरतो. बुद्धिबळाच्या पटाप्रमाणें पोळ्यांतील अणु आळीपाळीनें काळे व पांढरे आहेत असें समजा. हायड्रोजन काळ्यावर बसला, तर चुंबकत्व सभोंवतालच्या पांढऱ्या अणूंवर पसरतें. दुसरा हायड्रोजनही काळ्यावरच बसला, तर दोन्ही चुंबक एकाच दिशेनें वळतात. तो जवळच्या पांढऱ्यावर बसला, तर दोन्ही नाहींसे होतात. २०१६ मध्यें माद्रिद येथील शास्त्रज्ञांनीं अतिसूक्ष्म सुईच्या टोकानें हायड्रोजनचे अणु हलवून हें प्रत्यक्ष दाखविलें.

मग अणु मुबलक पेरले, कीं काम झालें काय? नाहीं. २०१२ मध्यें मँचेस्टर येथें ग्राफीनवर फ्लुओरीन चढविला, तेव्हां सुमारें हजार अणूंमागें एकच चिमुकला चुंबक मिळाला. कारण फ्लुओरीनचे अणु घोळके करून बसतात, आणि काळ्या-पांढऱ्यांचा हिशेब आपसांत फिटतो. जे चुंबक उरले, तेही द्रवरूप हेलियमच्या कडाक्याच्या थंडींतसुद्धां एका दिशेनें वळले नाहींत.

येथें आणखी एक सावधगिरी हवी. लोखंडाचा लवलेशही निष्कर्ष बिघडवितो. २००१ मध्यें गाजलेला चुंबकीय कार्बनाचा एक प्रबंध ह्याच कारणास्तव त्याच्या बहुतेक लेखकांनीं २००६ मध्यें मागें घेतला.

तात्पर्य, कार्बनाला चुंबकत्व येऊं शकतें. मात्र अणु किती मिसळले ह्यापेक्षां ते कोठें बसले, ह्यावर तें अवलंबून आहे. त्यांना लाखोंच्या संख्येनें योग्य जागीं बसविणें, हेंच आतांचें अवघड काम होय.