पर्यायी नोकरी नाकारताना

ब्रिटनमधली नोकरी आणि कायदा : लेखांक 6

केंटमधल्या मुलांच्या एका शाळेत टेलर नावाचे मुख्याध्यापक होते. शाळा दुसऱ्या शाळेत विलीन झाली, नव्या शाळेचं मुख्याध्यापकपद दुसऱ्याकडे गेलं आणि कौन्सिलने टेलर यांना फिरत्या शिक्षकांच्या तुकडीत जागा देऊ केली. जिथे शिक्षक कमी पडेल तिथे जायचं, सांगतील ते शिकवायचं. पगार मात्र मुख्याध्यापकाचाच राहणार होता. टेलर यांनी नकार दिला, तेव्हा चांगली नोकरी नाकारली म्हणून त्यांची रिडंडन्सीची, म्हणजे जागाच रद्द झाल्यावर मिळणारी, रक्कम अडवली गेली. 1969 मध्ये कोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. पगार तोच असला तरी ते काम त्यांच्या तोलाचं नव्हतं.

रिडंडन्सी म्हणजे काय आणि दोन वर्षांच्या सलग नोकरीनंतर कायद्याने किती रक्कम मिळते, हे मागच्या लेखांकात पाहिलं. वाचकांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो : एचआर दुसऱ्या विभागातली जागा दाखवतंय, घ्यावीच लागेल का? भीती खोटी नाही. 1996 च्या एम्प्लॉयमेंट राइट्स अ‍ॅक्टनुसार योग्य पर्यायी नोकरी विनाकारण नाकारली, तर कायद्याने मिळणारी रक्कम हातची जाते. पण ‘योग्य’ आणि ‘विनाकारण’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि मालक त्यांतला पहिलाच बोलून दाखवतो.

पहिला प्रश्न नोकरीचा : पगार, हुद्दा, वेळा, ठिकाण, लागणारं कौशल्य. दुसरा प्रश्न तुमचा. केम्ब्रिजच्या को-ऑपरेटिव्ह सोसायटीत रूस नावाचे गृहस्थ मटणाच्या दुकानाचे मॅनेजर होते. दुकान बंद झालं आणि त्यांना मोठ्या स्टोअरमधल्या मटण विभागाचं प्रमुखपद देऊ केलं गेलं. आता त्यांच्या डोक्यावर स्टोअर मॅनेजर असणार होता. आपली पायरी उतरली, असं त्यांना वाटलं. अपील ट्रायब्युनलने 1993 च्या निकालात मान्य केलं की नोकरी कागदावर योग्य असली तरी त्या माणसाच्या नजरेतून नकार रास्त असू शकतो. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो. सासू-सासऱ्यांची देखभाल, मुलांच्या शाळेची वेळ, दीड तासाचा वाढलेला प्रवास, पंधरा वर्षं टीम सांभाळल्यावर कुणाच्या तरी हाताखाली जाणं, अशी कारणं बोलायला आपल्याकडची माणसं संकोचतात. ‘इतकं वैयक्तिक कशाला सांगायचं?’ म्हणून गप्प बसतात आणि नंतर ट्रायब्युनलसमोर दाखवायला काही उरत नाही.

म्हणून नकार फोनवर देऊ नका. ईमेल लिहा : या जागेत माझ्या आजच्या कामातलं काय राहतं, काय जातं, माझ्या घरावर काय परिणाम होतो. आणि कंपनीने नक्की काय दिलंय तेही नीट पाहा. इंट्रानेटवरच्या रिकाम्या जागांची यादी पाठवून ‘अर्ज करा’ म्हणणं म्हणजे नोकरी देणं नव्हे. प्रस्ताव जुना करार संपण्याआधी यायला हवा आणि नवं काम करार संपल्यापासून चार आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवं. आणि मुदतीत असला तरी अगदी शेवटच्या क्षणी आलेला प्रस्ताव नाकारणं रास्त ठरू शकतं. 1976 च्या वुड प्रकरणात नोटीस मिळालेल्या माणसाने दुसरीकडे नोकरी पक्की केली होती आणि मुदत संपता संपता जुन्या मालकाने प्रस्ताव पुढे केला. त्याचा नकार रास्त ठरला.

मन द्विधा असेल तर काम करून पाहता येतं. अटी वेगळ्या असतील तर चार आठवड्यांचा ट्रायल हा तुमचा हक्क आहे, मालकाची मेहेरबानी नव्हे. हे आठवडे कॅलेंडरचे : मध्ये ख्रिसमसची सुट्टी आली तरी दिवस मोजले जातात. पुन्हा शिकावं लागणार असेल तरच, आणि आधी लेखी ठरवूनच, मुदत वाढते. नाही जमलं तर मुदतीच्या आतच लेखी कळवा. मुदत उलटून कामावर राहिलात तर नोकरी स्वीकारली असं धरलं जातं.

स्किल्ड वर्कर व्हिसावर असलेल्यांनी यापुढचं लक्ष देऊन वाचावं. नवी जागा वेगळ्या ऑक्युपेशन कोडमध्ये बसत असेल, तर मालक तोच असला तरी नवा अर्ज करावा लागतो आणि तो मंजूर झाल्याशिवाय ते काम सुरू करता येत नाही. अर्जाच्या वेळचे पगाराचे निकषही पुन्हा लागू होतात. ‘सोमवारपासून तिकडे बसा’ असं सांगणाऱ्या मॅनेजरला हे ठाऊक असेलच असं नाही, म्हणून कोड आणि पगार लेखी मागा. जे काम कायद्याने तुम्ही करूच शकत नाही, ते तुमच्यासाठी योग्य नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. नोकरी सुटली तर स्पॉन्सर ती बातमी होम ऑफिसला कळवतो आणि व्हिसा बहुतेक वेळा 60 दिवसांवर आणला जातो. घाबरून पहिली मिळेल ती जागा पत्करली जाते ती इथेच.

गरोदर किंवा मॅटर्निटी रजेवर असलेल्या बाईला योग्य रिकामी जागा इतरांच्या आधी देऊ करणं मालकावर बंधनकारक आहे. एप्रिल 2024 पासून हे संरक्षण रजेनंतरही, साधारणपणे मूल दीड वर्षाचं होईपर्यंत चालतं. तिला इतरांबरोबर मुलाखतीला बसवणं चूक आहे.

आणि प्रक्रियाच बिघडली असेल तर? व्हॅन ड्रायव्हर पोल्की यांना ऑफिसात बोलावून, आधी चकार शब्द न काढता, त्याच क्षणी घरी पाठवलं गेलं. चर्चा केली असती तरी फरक पडला नसता, ही मालकाची सबब 1987 मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सने मानली नाही. मात्र चर्चेनंतरही नोकरी गेलीच असती असं दिसलं, तर भरपाई कमी होऊ शकते. 90 दिवसांत एकाच ठिकाणच्या 20 जणांना काढायचं असेल तर किमान 30 दिवस आधी, 100 जणांना काढायचं असेल तर 45 दिवस आधी सामूहिक चर्चा सुरू व्हायला हवी. मार्च 2022 मध्ये पी अँड ओ फेरीजने जवळपास 800 खलाशांना व्हिडिओ संदेशावरून काढलं आणि चर्चेचा नियम आपण जाणूनबुजून मोडला, असं त्यांच्या प्रमुखांनी संसदीय समितीसमोर कबूल केलं.

अन्यायाने काढल्याची तक्रार करायची तर आधी अकास या समेट घडवणाऱ्या संस्थेकडे जावं लागतं. ट्रायब्युनलची मुदत नोकरी संपल्यापासून तीन महिने वजा एक दिवस. ती सहा महिने करण्याची तरतूद 2025 च्या कायद्यात आहे, पण तुम्ही तीनच धरून चाला. आणि कंपनीने सेटलमेंट अ‍ॅग्रीमेंट पुढे केलं असेल तर सही करायचं थांबा. पुढचा लेखांक त्यावरच आहे.