आवृत्त्यांचे दप्तर

अंबाजोगाईचा अभियांत्रिकीचा एखादा विद्यार्थी पुण्याच्या मित्राने धाडलेला हॅस्केल भाषेतील प्रकल्प उघडतो, तेव्हा मूळ प्रोग्रॅमच्या आधी त्याची गाठ ‘डॉट कॅबल’, ‘कॅबल डॉट प्रोजेक्ट’ आणि ‘स्टॅक डॉट यॅमल’ या फाइलींशी पडते. आणि त्यांतली कोणती कशासाठी हे न उमगल्यामुळे, १९९० साली प्रसिद्ध झालेल्या या बिचाऱ्या भाषेवरच तो रुष्ट होतो.

‘डॉट कॅबल’ हे पॅकेजचे स्वतःचे निवेदन होय. नाव, आवृत्ती, आतील मोड्यूल आणि इतर कोणत्या पॅकेजांची गरज आहे, हे त्यात नमूद असते. ‘बिल्ड-डिपेंड्स’ या कलमाखाली ‘टेक्स्ट ^>=२.०.२’ असे लिहिले असेल, तर २.०.२ किंवा तिच्या पुढची, परंतु २.१ च्या अलीकडची कोणतीही आवृत्ती चालेल, असा त्याचा अर्थ. कारण हॅस्केलच्या प्रघाताप्रमाणे पहिल्या दोन अंकांतला बदल जुना प्रोग्रॅम मोडू शकतो. ही झाली मर्यादा, निवड नव्हे. निवड ‘हॅकेज’ या सार्वजनिक भांडारातून होते, आणि तेथे नवी आवृत्ती दाखल झाली की तीच फाइल निराळा निकाल देऊ शकते.

मराठवाड्यात जमिनीचा तंटा निघाला म्हणजे १९५४-५५ चे खासरा पाहणी पत्रक काढतात, कारण पुढे कितीही फेरफार झाले तरी त्या वर्षीची नोंद जागची हलत नाही. प्रकल्प बांधणाऱ्या, २०१५ साली आलेल्या ‘स्टॅक’ या साधनाची रीत नेमकी हीच. ‘स्टॅक डॉट यॅमल’मध्ये ‘एलटीएस-२२’सारख्या मालिकेतील एक पाहणी नेमून दिली की परस्परांशी जुळणाऱ्या आवृत्त्यांचा संचच नव्हे, तर ९.६ हा कंपायलरही ठरतो. संचाबाहेरचे पॅकेज ‘एक्स्ट्रा-डेप्स’खाली स्वतंत्रपणे नोंदवावे लागते. ‘कॅबल’ या दुसऱ्या साधनाचा पक्षपाती असेल तो ‘कॅबल फ्रीझ’ ही आज्ञा देऊन अचूक आवृत्त्यांची वेगळी फाइल करून घेतो. प्रकल्प आपला स्वतःचा प्रोग्रॅम असेल, तर ती मित्राकडे सोबत धाडलीच पाहिजे, असे माझे आग्रहाचे मत आहे.

‘पॅकेज डॉट यॅमल’ दिसली, तर ‘एचपॅक’ हे साधन तिच्यावरून ‘डॉट कॅबल’ तयार करते. तयार झालेल्या फाइलीत हाताने खाडाखोड केली, की ‘एचपॅक’ ती पुन्हा लिहिण्याचे नाकारतो आणि दोन्ही दस्तऐवज विसंगत होतात.

प्रकल्प बांधण्यासच नकार आला, तर प्रथम ‘बेस’ची ओळ वाचावी. हे पॅकेज कंपायलरबरोबरच येते; त्यामुळे ‘बेस <४.१७’ अशी अट असून संगणकावर ९.४ चा कंपायलर असेल, तर त्याच्याकडे ४.१७ च आहे, आणि बाकीच्या साऱ्या ओळी निर्दोष असूनही प्रकल्प बांधला जाणार नाही.