घोंगडीमागची मेंढी

घोंगडी ही वस्तू आपल्या सीमाभागात कोणाला नवी नाही. पूजेला आसन म्हणून, पाहुण्यांना बैठक म्हणून आणि पावसात डोक्यावर खोळ म्हणून ती पिढ्यान् पिढ्या वापरली गेली. परंतु ज्या मेंढीच्या अंगावरून ती येते, त्या मेंढीचा दिवस कसा उगवतो व कसा मावळतो, याची माहिती आपल्या कॉलेजातील बहुतेकांना नसते. आमचे घर बेळगावच्या कॅम्पात असले तरी माझे आजोळ निपाणीच्या बाजूचे, धनगराचे. मामांचा कळप साठ-सत्तर मेंढरांचा, म्हणजे तसा लहानच. दर सुट्टीत तेथे जे पाहिले आणि आजीकडून जे शिकले, ते येथे सांगते.

आमच्याकडची मेंढरे दख्खनी जातीची. महाराष्ट्र, कर्नाटक आणि तेलंगणाच्या कोरड्या पठारावर हीच जात पूर्वापार पाळली जाते. अंगाने काटक, रंगाने बहुधा काळी, कमी चाऱ्यावर भागवणारी आणि दिवसभर चालूनही न थकणारी. या मेंढीला भाषेची सीमा नाही. मराठीत जी मेंढी ती कन्नडमध्ये 'कुरी', जी घोंगडी ती 'कंबळी', आणि धनगरांचा बिरदेव तो कुरुबांचा 'बीरदेवरु'. मामा मेंढरांशी मराठीत बोलतात आणि ज्याच्या शेतात कळप बसवायचा त्या शेतकऱ्याशी कन्नडमध्ये व्यवहार ठरवतात.

दिवसाची सुरुवात उजाडण्यापूर्वीच होते. रात्री निराळी ठेवलेली कोकरे प्रथम आयांना पाजली जातात. शंभर आवाजांच्या गोंधळात आई आपले कोकरू वासाने ओळखते. दुसऱ्याचे आले तर ढुशी मारते. एखादीने आपलेच पोर नाकारले तर मामी तिला धरून ठेवते आणि कोकराला पाजून घेते. त्यानंतर मामा एकेका मेंढीचे चालणे पाहतात. लंगडणारी असेल तर खूर तपासून काटा काढायचा, जखमेत अळ्या पडल्या असतील तर औषध भरायचे. दव वाळल्याशिवाय कळप चरायला सोडत नाहीत, कारण ओल्या गवताबरोबर जंत पोटात जातात आणि सततच्या ओलीने खुरे कुजतात. दुपारी झाडाखाली विसावा, रवंथ आणि पाणी. दिवस मावळताना पुन्हा तळावर. जाळीची वाघर लावून कळप आत घेतला की कुत्र्यांची पाळी सुरू होते.

तळ मात्र एका जागी राहत नाही. पावसाळ्यात पश्चिमेकडची ओल मेंढरांना मानवत नाही, म्हणून कळप पूर्वेच्या कोरड्या मुलखात जातात आणि सुगीनंतर रिकाम्या झालेल्या शेतांतून परततात. पीक निघालेल्या शेतात रात्रभर मेंढरे बसवली की लेंडी व मूत्र जागच्या जागी जमिनीत मुरते. त्याबद्दल शेतकरी धान्य किंवा रोख पैसे देतो. गाडीने खत आणून पसरण्याचा खर्च वाचतो, तो निराळाच. खताची ही मिळकत आणि विकलेली कोकरे यांवरच आज मामांचे घर चालते.

आता लोकरीकडे वळू. वर्षातून साधारणपणे दोनदा कातरणी होते. आधी मेंढरे ओढ्यात धुतात, अंग वाळू देतात आणि मग पाय बांधून मोठ्या कातरीने लोकर उतरवतात. हे काम एकट्याचे नव्हे; आसपासचे धनगर सावडीने येतात आणि त्या दिवशी जेवण मामांकडे असते. एका मेंढीपासून वर्षाला जेमतेम अर्धा किलो लोकर निघते, आणि साध्या घोंगडीला दोन-अडीच किलो लागते. म्हणजे आपण ज्या घोंगडीवर बसतो, ती चार-पाच मेंढ्यांची वर्षभराची कमाई असते! कोकराच्या पहिल्या कातरणीची लोकर, म्हणजे जावळ, सर्वांत मऊ. तिची घोंगडी सर्वांत मोलाची.

कातरलेली लोकर आजी रंगानुसार वेगळी करते, काटेकुटे वेचते. मग ती पिंजायची, तिचे पेळू करायचे आणि चरख्यावर सूत काढायचे. मी कातायला बसले तेव्हा पहिली शिकवण मिळाली ती बोटांची: पीळ कमी पडला तर सूत तुटते, जास्त झाला तर त्याच्या गाठी होतात. पुढचे काम सणगराचे. चिंचोक्यांची शिजवलेली खळ कुंच्याने ताण्याला लावून तो उन्हात वाळवायचा, म्हणजे लोकरीचे उभे सूत ताठ व बळकट होते. त्यानंतर खड्डामागावर विणकाम. या सर्व प्रक्रियेत यंत्र नाही, रासायनिक रंगही नाही. घोंगडीचा काळा तो मेंढीचाच काळा.

लोकरीचे शास्त्रही मोठे मनोरंजक आहे. तिचा तंतू केराटिन या प्रथिनाचा असतो. आपले केस व नखेही त्याचीच. आपल्या वजनाच्या जवळजवळ एक-तृतीयांश इतका ओलावा हा तंतू हाताला ओल न जाणवता शोषून घेतो आणि तसे करताना थोडी उष्णताही देतो. लोकर सहसा पेट घेत नाही. ठिणगी पडली तरी जळून काळी होते व विझते. शेकोटीभोवती झोपणाऱ्या धनगराला हा गुण अनुभवाने ठाऊक होता. अवगुण एकच: एकदा पूर्ण भिजली की वाळता वाळत नाही. 'भिजत घोंगडे' हा वाक्प्रचार त्यातूनच आला.

आज लोकरीचा प्रश्नच भिजत घोंगडे होऊन बसला आहे. मेरिनोचा तंतू सुमारे २० मायक्रॉन जाडीचा असतो, दख्खनीचा त्याच्या दुपटीहून जाड. त्यामुळे गिरण्यांना ही लोकर नको असते. पानिपतच्या स्वस्त ब्लँकेटांपुढे हातमागाची घोंगडी टिकत नाही. विदेशी जातींशी संकर करून लोकर मऊ करण्याचे प्रयत्न झाले, पण फिरत्या कळपांत ते फारसे रुजले नाहीत. मामा म्हणतात, "लोकर आता वझं झालंय बघ. कातरणीचा खर्चबी त्यातनं निघत नाही." अनेक ठिकाणी कातरलेली लोकर तशीच माळावर टाकून दिली जाते.

याचा परिणाम केवळ घोंगडीवर होत नाही, मेंढीवर होतो. जत तालुक्यातील माडग्याळ मेंढीच्या अंगावर लोकर जवळजवळ नसते, ती झपाट्याने वाढते आणि बाजारात चांगला भाव खाते. साहजिकच दख्खनी कळपात माडग्याळी मेंढा सोडण्याकडे कल आहे. आमच्या घरीही यंदा हाच वाद चालू आहे. मामांच्या हिशेबात खोट नाही. दोन मुलांचे शिक्षण आहे. आजीचे म्हणणे असे, की उघड्या माळावर थंडी-पावसात रात्र काढणाऱ्या मेंढीचे पहिले घोंगडे तिच्या अंगावरच असते. ते काढून घेतले तर तिला छप्पर द्यावे लागेल, आणि छप्पर बांधून आपण फिरणार कसे?

या दोहोंमध्ये एक वाट आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातील गरोळ मेंढीचे जुळी देणारे जनुक दख्खनी रक्तात आणून 'नारी सुवर्णा' ही मेंढी तयार केली. जात न बदलता कोकरांचे उत्पन्न वाढवण्याचा हा मार्ग आहे. अर्थात जुळ्यांना दूध पुरवण्यासाठी आईला अधिक खुराक लागतो. दुसरी बाजू गिऱ्हाइकाची. ऑक्टोबरच्या सुमारास पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भंडाऱ्याबरोबर लोकर उधळली जाते आणि घोंगड्यांचा बाजारही भरतो. तेथे लोकरीला अजून मान आहे. मानाबरोबर दामही मिळाला, तर मामांचा हिशेब बदलू शकेल.

म्हणून वाचकांना एवढेच सुचवावेसे वाटते, की घोंगडी घेताना ती लोकर कोठल्या मेंढीची आणि सूत कोणी कातले, हे अवश्य विचारावे. कळपात एकदा दुसऱ्या जातीचा मेंढा सोडला, की चार-पाच वर्षांत जुनी जात ओळखू येत नाही. चरखा माळ्यावरून केव्हाही खाली काढता येतो. गेलेली जात मात्र पुन्हा कातून काढता येत नाही.