देवी हटवणारे वैरी

देशांमध्ये आधी विश्वास हवा, मग सहकार्य, असं आपण सर्रास धरून चालतो. देवी रोगाच्या निर्मूलनाची साक्ष मात्र उलटी आहे. १९५८ मध्ये, शीतयुद्ध ऐन भरात असताना, सोव्हिएत संघाचे व्हिक्टर झ्दानोव यांनी जागतिक आरोग्य सभेत निर्मूलनाचा प्रस्ताव मांडला, तोही अमेरिकेतल्या मिनिआपोलिस शहरात! १९६७ पासून मोहिमेनं जोर धरला, तेव्हा सूत्रं अमेरिकी डॉक्टर डी. ए. हेंडरसन यांच्या हाती होती आणि लशीचे कोट्यवधी डोस सोव्हिएत संघ देत होता. लस सुकवलेली, त्यामुळे उष्ण देशांतही टिकणारी. सुई अमेरिकी, टोकाला दोन दाते असलेली. त्यांच्या बेचक्यात लशीचा थेंब अडकायचा आणि दंडावर पंधरा वेळा टोचलं की काम झालं.

यात दोघांचा स्वार्थच होता, असं कोणी म्हणेल. होताच. बाहेरून रोग येत राहिला, तर घरचं लसीकरण थांबवताच येत नाही. पण स्वार्थ जुळला म्हणून सहकार्य खोटं ठरत नाही. उलट तेच टिकतं. दुसरा आक्षेप वजनदार आहे: देवी फक्त माणसालाच होई, रुग्ण चेहऱ्यावरून ओळखू येई, म्हणून हे जमलं. खरं आहे. भारतात काही ठिकाणी जबरदस्तीनं लस टोचली गेली, हेही झाकू नये. तरी हा रोग आपोआप जाणारा नव्हता. भारतात घरोघरी रुग्णाचं चित्र दाखवत शोध घ्यावा लागला. १९७५ मध्ये भारतातली देवी संपली, १९७७ मध्ये सोमालियात शेवटचा नैसर्गिक रुग्ण आढळला. १९८० मध्ये जग देवीमुक्त जाहीर झालं. त्याच वर्षी अमेरिकेनं मॉस्को ऑलिंपिकवर बहिष्कार टाकला होता.