आमदारकी ते राजभवन: चार गैरसमज आणि वस्तुस्थिती

विष्णुपुरीच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे कुलपती म्हणजे महाराष्ट्राचे राज्यपाल. त्यांची जागा अचानक रिकामी झाली तर पुढे काय होते, याविषयी मात्र बरीच माहिती ऐकीव असते. लातूरच्या शिवराज पाटील चाकूरकरांच्या कारकिर्दीवरून त्यातल्या अनेक गोष्टी स्पष्ट होतात.

गैरसमज १ : राज्यपाल नसले की विधानसभेचे अध्यक्ष हंगामी राज्यपाल होतात.

वस्तुस्थिती : अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात २००४ मध्ये सेनेटचे अध्यक्ष रिचर्ड कोडी यांनी ते पद न सोडता गव्हर्नरचे काम पाहिले. आपल्याकडे तसे होत नाही. संविधानाच्या कलम १५८ नुसार राज्यपालांना कोणत्याही सभागृहाचे सदस्य राहता येत नाही. आकस्मिक प्रसंगी काय करायचे, हे कलम १६० नुसार राष्ट्रपती ठरवतात. बहुधा दुसऱ्या राज्याच्या राज्यपालांकडे किंवा उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींकडे कार्यभार जातो. १९६९ मध्ये राज्यपाल पी. व्ही. चेरियन यांचे पदावर असताना निधन झाले, तेव्हा मुख्य न्यायमूर्ती एस. पी. कोटवाल यांनी महाराष्ट्राचे हंगामी राज्यपाल म्हणून काम पाहिले.

गैरसमज २ : चाकूरकर हे केवळ दिल्लीचे नेते होते.

वस्तुस्थिती : त्यांची सुरुवात लातूरच्या नगराध्यक्षपदापासून झाली. १९७३ ते १९८० ते लातूरचे आमदार होते. विधानसभेचे उपाध्यक्ष आणि १९७८-७९ मध्ये अध्यक्ष झाले. १९८० पासून सलग सात वेळा ते लोकसभेवर निवडून गेले आणि १९९१ ते १९९६ लोकसभेचे अध्यक्ष राहिले. २००४ मध्ये लातुरात पराभव होऊनही राज्यसभेमार्फत ते केंद्रीय गृहमंत्री झाले. मुंबईवरील हल्ल्यानंतर २००८ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. जानेवारी २०१० मध्ये ते पंजाबचे राज्यपाल झाले.

गैरसमज ३ : एका राज्यपालाकडे एकच राज्य असते.

वस्तुस्थिती : १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने एकाच व्यक्तीला दोन किंवा अधिक राज्यांचे राज्यपाल नेमण्याची वाट मोकळी केली. महाराष्ट्राच्या माजी आमदार प्रभा राव हिमाचलच्या राज्यपाल असताना राजस्थानचाही कार्यभार पाहत होत्या. पुढे त्या राजस्थानच्या पूर्णवेळ राज्यपाल झाल्या. एप्रिल २०१० मध्ये त्यांचे निधन झाले आणि राजस्थानची जबाबदारी चाकूरकरांकडे आली. पंजाब सांभाळून त्यांनी ती मे २०१२ पर्यंत निभावली.

गैरसमज ४ : असा राज्यपाल नावापुरता असतो, पगार मात्र दोन घेतो.

वस्तुस्थिती : कलम १५९ नुसार राज्यपालांचे काम पाहणाऱ्या प्रत्येकाला तीच शपथ घ्यावी लागते, आणि अधिकारही तेच असतात. दोन राज्यांसाठी एकच राज्यपाल असला तर वेतनाचा खर्च राष्ट्रपतींनी ठरवलेल्या प्रमाणात त्या राज्यांत वाटला जातो. दोन पगार मिळत नाहीत.

सभागृहातला अनुभव राज्यपालांना नक्कीच उपयोगी पडतो, पण त्या अनुभवाने पदावर हक्क निर्माण होत नाही. नेमणूक केंद्राच्या सल्ल्याने राष्ट्रपतीच करतात. स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मराठवाड्यातल्या मुलामुलींनी नोट्सवर न विसंबता १५३ ते १६० ही आठ कलमे संविधानातूनच वाचावीत.