टांकसाळीतली चूक आणि वापरातली झीज

जुन्या नाण्यावर दिसणारा दोष टांकसाळीत तरी झालेला असतो, नाहीतर तिथून बाहेर पडल्यावर. टांकसाळीतल्या दोषाला संग्राहक जादा पैसे मोजतात. बाहेर झालेल्या दोषाने नाण्याची किंमत उलट घटते. बाजारात ‘एरर’ म्हणून दाखवली जाणारी पुष्कळ नाणी या दुसऱ्या जातीची असतात. दोन्हींतला फरक ओळखायला आधी नाणे कसे पडते हे ठाऊक असावे लागते. हातातला दोष त्या घडणीतल्या कोणत्या पायरीवर होऊ शकला असता, याचे उत्तर सापडत नसेल तर तो बाहेरचाच समजावा.

यंत्राने नाणे पाडताना धातूच्या लांब पट्टीतून गोल चकत्या कापतात. भट्टीत तापवून त्या मऊ करतात. मग चकती कडेने दाबत फिरवली जाते, तेव्हा तिचा काठ किंचित वर येतो. ही नाण्याची किनार. शेवटी चकती दोन पोलादी ठशांच्या मध्ये येते. तिच्याभोवती कॉलर नावाचे कडे असते. एकाच दाबात छापा, काटा आणि कडेच्या खाचा उमटतात. मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा या चारही सरकारी टांकसाळींत क्रम हाच आहे.

झीज मात्र यंत्राच्या शिस्तीने चालत नाही. ती हातांची, खिशांची, गल्ल्यांची असते. तिचाही एक नियम आहे: सगळ्यांत उंच भाग आधी झिजतो. राणीछाप रुपयावर व्हिक्टोरियाचा गाल, कानाजवळचे केस आणि मुकुटाची टोके प्रथम सपाट होतात. अक्षरांच्या मधल्या खोबणी, किनारीलगतचे कोपरे शेवटपर्यंत टिकतात आणि तिथेच मळ साचून काळपट रेषा दिसतात. झीज दोन्ही बाजूंना होते, हळूहळू पसरते आणि तिला कुठेही तीक्ष्ण सीमा नसते. वजनही कमी होते. हा रुपया मुळात १८० ग्रेन, म्हणजे एक तोळा, सुमारे ११.६६ ग्रॅम भरत असे. फार फिरलेला रुपया काट्यावर त्याहून कमी भरतो.

झिजेने धातू जातो, वाढत कधीच नाही. त्यामुळे पहिली परीक्षा बोटानेसुद्धा करता येते: दोष वर उठलेला आहे की आत गेलेला? ठशाला तडा गेला तर दाबाखाली धातू त्या तड्यात शिरतो आणि नाण्यावर केसासारखी उंच रेषा उमटते. ठशाच्या कडेचा तुकडाच उडाला तर किनारीपाशी नक्षी नसलेला फुगीर गोळा दिसतो. अशी उंच रेषा घरात, बाजारात कोणालाही सहजी काढता येत नाही. ओरखडा आत जातो आणि भिंगाखाली त्याच्या दोन्ही काठांना उकरलेला धातू दिसतो. याला अपवाद आहेत. चकतीच्या धातूतच हवा किंवा कचरा अडकलेला असेल तर पापुद्रा सुटून खड्डा पडतो. ठसा आणि चकती यांच्यामध्ये दोरा किंवा धातूचा कीस आला तर त्याचा आकार आत उमटतो. तरीही निम्म्याहून अधिक शंका या एका परीक्षेनेच मिटतात.

सर्वांत जास्त घोळ होतो तो गाळ भरलेल्या ठशामुळे. यंत्रातले वंगण आणि धातूची पूड ठशावरच्या एखाद्या अक्षरात साचते. मग ते अक्षर नाण्यावर अर्धवट उमटते किंवा उमटतच नाही. झिजलेले अक्षर आणि असे न उमटलेले अक्षर नुसत्या डोळ्यांना सारखेच दिसते. अशा वेळी त्या अक्षराकडे न पाहता शेजाऱ्यांकडे पाहावे. सालातला एक आकडा गायब, पण बाजूचे तीन धारदार आणि भोवतालची सपाटी अजून चमकदार असेल तर ठसा भरला होता. चारही आकडे, किनार आणि चित्र सारखेच मऊ झाले असेल तर ती झीज. आकड्याच्या जागी खरवड असेल आणि एकाच दिशेला जाणाऱ्या बारीक रेषा दिसत असतील तर कोणीतरी तो घासून काढला आहे.

सालाखालच्या खुणेबाबतही हीच दक्षता हवी. मुंबईच्या नाण्यांवर सालाखाली चौकट, हैदराबादच्या नाण्यांवर तारा आणि नोएडाच्या नाण्यांवर ठिपका असतो. कोलकात्याची खूण नसते. त्यामुळे सालाखाली काहीच नसलेले नाणे हातात आले की ‘चौकट उडालेले’ म्हणून हरखण्याचे कारण नाही.

काठाला चंद्रकोरीसारखा तुकडा नसलेली नाणी अधूनमधून मिळतात. चकत्या कापताना पट्टी पुरेशी पुढे सरकली नाही, तर कापणीचे पाते आधीच्या भोकावर येते आणि नवी चकती चावल्यासारखी अपुरी निघते. असे नाणे कात्रीने किंवा कानशीने घरीही तयार करता येते. पण घरच्या कारागिराला एक गोष्ट साधत नाही. अपुरी चकती किनार उचलण्याच्या यंत्रात फिरते तेव्हा तुटक्या जागी दाब लागत नाही आणि त्यामुळे नेमक्या समोरच्या बाजूलाही किनार नीट उचलली जात नाही. परिणामी खऱ्या दोषाच्या नाण्यावर तुटलेल्या भागाच्या बरोबर समोर किनार पुसट असते. शिवाय ठशाच्या दाबाने धातू तुटक्या कडेकडे ओढला गेल्यामुळे तिथली अक्षरे किंचित पसरतात. कापून बनवलेल्या नाण्यात समोरची किनार भक्कम असते आणि अक्षर सुरीने छाटावे तसे मध्येच संपते.

चकती ठशाच्या मधोमध बसली नाही तर नक्षी एका बाजूला सरकते आणि दुसरीकडे कोरी चंद्रकोर राहते. त्या कोऱ्या भागावर कधीच काही उमटलेले नसते आणि उरलेली नक्षी मात्र ठसठशीत असते. कॉलर जागेवर नसेल तर नाणे पसरट होते आणि कडेच्या खाचा उमटत नाहीत. वजन मात्र पूर्ण भरते. रेल्वेच्या रुळावर ठेवून चपटे केलेले नाणेही वजनाला पूर्ण भरते. फरक चित्रात दिसतो: टांकसाळीतल्या पसरट नाण्यावर चित्र नीट असते, रुळावरच्या नाण्यावर चित्रच ताणले आणि पुसले जाते.

१९४३ ते १९४७ या काळातल्या भोकाच्या पैशावर भोक मधोमध नसणे हा टांकसाळीतला दोष असू शकतो. अशा वेळी ठशाच्या दाबाने भोकाची कड गुळगुळीत झालेली असते. दागिन्यासाठी पुढे पाडलेल्या भोकाला धारदार कंगोरे असतात. राणीछाप रुपयाच्या काठावरचा ओबडधोबड उंचवटा ही बहुधा माळेत ओवण्यासाठी लावलेल्या कडीच्या डागाची खूण असते. वर उठलेला असूनही हा दोष बाहेरचाच.

आपल्याकडच्या आधुनिक नाण्यांच्या दोन्ही बाजू सारख्याच दिशेने उभ्या असतात. पुस्तकाचे पान उलटावे तसे नाणे उलटल्यावर मागचे चित्र तिरके किंवा उलटे दिसले तर ठसा फिरलेला होता. हा दोष झिजेने किंवा हातोडीने होऊच शकत नाही, म्हणून नवशिक्याने शोधायला तो सर्वांत सोपा. दुहेरी दिसणाऱ्या अक्षरांचे प्रकरण अवघड आहे. ठसा बनतानाच चित्र दोनदा उमटले असेल तर दोन्ही प्रतिमा गोलाईदार आणि उंच असतात. नाणे पडताना ठसा नुसता हलला असेल तर अक्षराच्या बाजूला चपटी पायरी तयार होते. तिला संग्राहक फारशी किंमत देत नाहीत.

‘शोले’मधल्या जयच्या नाण्यासारखी, दोन्ही बाजू सारख्या असलेली नाणी बहुतेक वेळा दोन नाणी कातून जोडलेली असतात. किनारीच्या आतल्या अंगाला भिंगाखाली सांधा सापडतो.

यंत्राची ही मोजपट्टी हातघडणीच्या नाण्यांना लावता येत नाही. मराठेशाहीतली तांब्याची शिवराई हातोड्याच्या घावाने पडत असे आणि चकती बहुधा ठशाहून लहान असे. त्यामुळे एका बाजूचा ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूचा ‘छत्रपति’ हा मजकूर एकाच नाण्यावर संपूर्ण क्वचितच सापडतो. अक्षरे कापली जाणे, शुद्धलेखनात फरक असणे, चकती वेडीवाकडी असणे हे तिथे नेहमीचेच. शिवराईला ‘एरर’ म्हणून जादा पैसे मागणाऱ्यापासून दूर राहावे. जुन्या चांदीच्या नाण्यांवरचे बारीक ठोसे ही सराफांनी धातू पारखताना केलेली खूण असते. तोही टांकसाळीतला दोष नव्हे.

काही गोष्टी तर दोषच नसतात. राणीछाप रुपयावर १८६२ हे साल १८७४ पर्यंत तसेच ठेवले गेले, आणि त्या नाण्यांवर दिसणारे कमीजास्त ठिपके मुद्दाम घातलेले आहेत. पंचम जॉर्जच्या १९११ च्या रुपयावर राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली आणि पुढच्या वर्षी तो सुधारला गेला. तिथे चूक चित्राची होती, नाणे पाडण्याची नव्हे.

रंगावरून निष्कर्ष काढणे सर्वांत धोक्याचे. तांबे कळकते, दमट हवेत ॲल्युमिनियमच्या पैशांवर पांढऱ्या पुटकुळ्या येतात आणि आम्लाने किंवा मुलाम्याने हवा तो रंग आणता येतो. चुकीच्या धातूच्या चकतीवर पडलेले नाणे ओळखायचे तर रंगापेक्षा वजन आणि लोहचुंबक भरवशाचे. १९५० चा निकेलचा रुपया चुंबकाला चिकटतो, पुढचा तांबे-निकेलच्या मिश्रणाचा चिकटत नाही.

घरी पारख करायला दहापट मोठे दाखवणारे भिंग, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा काटा आणि त्याच सालाचे एक निर्दोष नाणे एवढे पुरते. चिंच, राख किंवा भांड्यांची पावडर लावून नाणे घासू नये. घासण्याने पडणाऱ्या बारीक चरांखाली टांकसाळीतल्या दोषाचा पुरावाही पुसला जातो. जुनी नाणी विकत घेण्याच्या नावाखाली रिझर्व्ह बँकेचे नाव सांगून आगाऊ शुल्क, कमिशन किंवा कर मागितला गेला तर तो देऊ नये. आपण असा व्यवहार करत नाही आणि तसे शुल्कही मागत नाही, असे बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केले आहे.